दुसऱ्या गिअरचा दणका

सिद्रामा, बसलास शेवटी एकदाचा पुढच्या सीटवर. इतकी वर्षं तुला विनवलं, शिव्या घातल्या, सिद्धेश्वराची शपथ घातली, तरी त्या गाडीत तू कधी पाय ठेवला नाहीस. "मी आत बसलो की मला तिचं ऐकू येत न्हाई," हे तुझं ठरलेलं उत्तर. रस्त्याच्या कडेला मान तिरकी करून उभा राहायचास आणि मी समोरून गाडी नेली की आत कुठे काय दुखतंय ते सांगायचास. परवा मात्र चकार शब्द न काढता माझ्या शेजारी बसलास.

तुम्हा लिंगायतांत माणसाला आडवं नेत नाहीत, बसवून नेतात, हे मला नवीन नव्हतं. तुझ्या वडलांच्या वेळी मी खांदा दिला होता. पण तुला माझ्या गाडीतून न्यायची वेळ येईल असं स्वप्नातही आलं नव्हतं. तुझा धाकटा भाऊ मल्लू ट्रक बघायला निघाला होता. अक्कलकोटच्या पुढे तुमचं शेत, तिथेच तुला माती द्यायची, एवढ्या लांब ट्रकशिवाय कसं न्यायचं, यावर माणसं बोलत होती. माझी गाडी तुझ्याच दारात उभी होती. तेल बदलायला तुझ्याकडे टाकली होती आणि दुकानाच्या गडबडीत न्यायची राहिली होती. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, "हिच्यातनंच न्या की. लई जीव होता त्यांचा हिच्यावर."

मग तुझ्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढून, नवं धोतर नेसवून, तुला माझ्या शेजारी बसवलं. मल्लू मागे बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तुझे खांदे धरले. मी स्टिअरिंगवर हात ठेवला, आणि खरं सांगतो, तेव्हा मला रडू वगैरे काही आलं नाही. मला भीती वाटत होती, आणि ती एकाच गोष्टीची. दुसऱ्या गिअरची.

तुला काय सांगायचं! तो दणका तूच घातलेला. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना आपली गाडी अशी काही उसळायची की आत बसलेल्या प्रत्येकाची मान पुढे येऊन मागे जायची. त्या दणक्याने एकदा माझ्या सासूबाईंची कवळी मांडीत पडली होती. त्यानंतर बायकोने त्या गाडीचं नाव टाकलं. जिवंत माणसाची ही गत, तर ज्याला स्वतःचा तोल नाही त्याचं काय होईल? सगळ्या गावासमोर तू काचेवर जाऊन आदळलास तर वहिनींना मी कुठल्या तोंडाने सांगणार होतो? "तुम्हीच म्हणालात, याच गाडीतून न्या" असं?

आणि हा सगळा खटाटोप झाला कशासाठी, तर मला हौस होती म्हणून. माझं भवानी पेठेत चादरींचं दुकान, आणि दुकानदाराला शोभणार नाही असा एक नाद, वेगाचा. एका जहागीरदाराच्या गोठ्यात पडून राहिलेली ती लांबलचक अमेरिकन गाडी मी उचलली तेव्हा पेठेत सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. आठ सिलिंडरचं इंजिन, पायाशी क्लच नाही, गिअर आपले आपण पडणार. लोक तिला बिनगिअरची गाडी म्हणत. एकही मिस्त्री तिच्या खाली शिरायला तयार होईना. तुझ्या दारात तेव्हा श्रीपूरकडचे ट्रॅक्टर रांगेत उभे असायचे, दोन-दोन ट्रॉल्या ऊस ओढून गिअरचे दात मोडलेले. जास्त ओझ्याखाली यंत्र कुठे माघार घेतं हे तुला त्या ट्रॅक्टरांनी शिकवलं होतं. तू माझ्या गाडीचा गिअरबॉक्स उतरवलास, उघडलास आणि म्हणालास, "अय्यो मालक, ह्यात दातांचं काय चालत न्हाई. सगळं तेलाचं राज्य हाय."

मला मालक म्हणायचं आणि वर अरे-तुरे करायचं, हे तुलाच जमायचं.

इंजिन आपण आधीच पिसाळवून ठेवलं होतं. दोन कार्बोरेटर, घासून मोठी केलेली सिलिंडरं, अंगात मूळच्या दीडपट ताकद. शहराबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हौशी लोक पाव मैलाची सरळ शर्यत लावणार होते. थांबलेल्या गाड्या एकदम सुटणार, पुढे पोचेल तो जिंकला. वळण नाही, ब्रेकची कसोटी नाही, फक्त सुटायचं. त्या सुटण्यातच आपला गिअरबॉक्स दोनदा जळला. सावकाश फिरायला निघालेल्या साहेबासाठी घडवलेली ती पेटी, तिने हा मार कसा सोसायचा? तिसऱ्यांदा जळली असती तर आत घालायला सुटे भाग उरले नव्हते, आणि माझी शर्यत तिथेच संपली असती.

पहिल्यांदा जळली त्याला कारण आपण दोघं आणि आपलं सोलापूर. त्या पेटीला लाल रंगाचं खास तेल लागतं, ते मुंबईहून यायचं होतं, आलं नाही. सोलापुरात जन्मलेल्या माणसाची मिलच्या स्पिंडल तेलावर जी श्रद्धा असते ती बाहेरच्याला सांगून कळायची नाही. घरटी कुणीतरी मिलमध्ये आणि घरटी त्या तेलाचा एक डबा. शिवणयंत्राला तेच, बिजागरीला तेच, सायकलला तेच, म्हाताऱ्यांच्या गुडघ्यांनाही तेच. तू डबा हातात घेऊन म्हणालास, "पातळ हाय, सोच्छ हाय. दिवसभर सुताच्या चात्या पळत्यात ह्याच्यावर. मग ही का न्हाई पळणार?" मला ते सोळा आणे पटलं. मुंबईच्या माणसाला हे सुचलं नसतं असंसुद्धा आपण एकमेकांना म्हणालो.

सुचलं नसतं हे खरंच. चौथ्या फेरीला त्या तेलाचा फेस झाला, फेस नळीतून वर आला, तापलेल्या सायलेन्सरवर सांडला आणि असा पांढरा धूर उठला की शेजारच्या यंत्रमागांच्या शेडमधून माणसं बादल्या घेऊन धावली. एकाने गाडी सोडून माझ्याच अंगावर बादली ओतली. "गाडी जाऊ दे, शेट वाचला पाहिजे," असं तो ओरडत होता. मी नखशिखांत भिजलेला, आणि तू रस्त्याच्या कडेला पोट धरून हसत होतास. तुझं ते हसणं मला आत्ता या ओळी लिहितानाही ऐकू येतंय. लई आठवण येते रे.

मग पेटी उघडली. आतल्या चकत्यांवरचं अस्तर जळून कोळसा झालं होतं. त्या चकत्या एकमेकींना घट्ट धरतात तेव्हा गाडीत गिअर पडतो, एवढं मलाही तोवर समजलं होतं. तू एक चकती नाकाशी नेलीस, वास घेतलास, आणि हसू मावळलं. "चुकलो मालक. चातीला तेल लागतं निसटायला. हिला लागतं धरायला." त्यानंतर लाल तेल येईपर्यंत तू पेटीला हात लावला नाहीस. कुणी कितीही घाई केली तरी "बेड" म्हणायचास. तुझ्या त्या कानडी 'नको'पुढे माझ्या मराठीचं काही चालायचं नाही.

लाल तेल आलं, नव्या चकत्या आल्या, आणि पेटी पुन्हा जळली. या वेळी फेस नव्हता, चूक नव्हती, तरी जळली. तेव्हा मी खचलो होतो. तू मात्र खूश दिसलास, कारण आता तेलाला दोष देता येत नव्हता. तू पेटीतली तेलाची एक-एक वाट तपासलीस आणि एका छोट्या डबीपाशी येऊन थांबलास. डबीत एक दट्ट्या, त्याच्यामागे स्प्रिंग. तेल आधी ही डबी भरतं आणि मग चकत्या पुरत्या दाबतं, म्हणजे गिअर हळुवार पडावा आणि साहेबाच्या हातातला चहा हिंदकळू नये. तू मला म्हणालास, "तळहात घास एकमेकावर. हळू. तापला?" मी म्हणालो, तापला. "आता टाळी वाज. तापला?"

तापला नव्हता.

"बघ की. हळू धरायला गेलं की घासतं, घासलं की जळतं. धरायचं तर एकदम धरायचं." तू पितळेच्या सळईचा अंगठ्याएवढा तुकडा कातून स्प्रिंगच्या जागी बसवलास. दट्ट्या जागच्या जागी अडला. वर चकत्यांमधल्या जाड पट्ट्या कातून बारीक केल्यास आणि तेवढ्या जागेत एक चकती जास्तीची बसवलीस. तेलाचा दाब वाढवलास. मग पहिल्यांदा गाडी काढली आणि दुसऱ्या गिअरला माझी टोपी मागच्या सीटवर गेली.

आपलं भांडण सुरू झालं ते तिथून. मी म्हणायचो, टाळी वाजवत राहिलास तर हात सुजतो की! आज चकत्या वाचतील, उद्या चाकांकडे जाणारा दांडा तुटेल. तू म्हणायचास, दांडा तुटला तर दिसतो, बदलता येतो. जळणारं आतल्या आत जळतं आणि कळतं तेव्हा राख झालेली असते. मी म्हणायचो, चार माणसं बसतात गाडीत, थोडं मऊ ठेव. तू म्हणायचास, पैलवानाला पेज पाजू नये. चहावर, पानाच्या टपरीवर, तुझ्या मुलीच्या बारशातसुद्धा हे भांडण झालं आहे. दोघांपैकी एकजणही तसूभर हटला नाही.

तू माणसांशीही तसाच वागायचास, हे मला फार उशिरा उमगलं. माझा आणि थोरल्या भावाचा दुकानाच्या वाटणीवरून अबोला चालू होता. मी गिऱ्हाईकाला गोडीगोडीने वळवणारा माणूस, घरातही तेच करत बसलो होतो. आज सांगू, उद्या सांगू. तू एका दुपारी तेलकट हातांनी दुकानात आलास आणि थेट भावाला म्हणालास, "दादा, ह्याला वेगळं व्हायचंय. तुम्हालाबी व्हायचंय. मग एकमेकाला का फसवताय?" दुकानात गिऱ्हाईक होतं, नोकर होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्या महिन्यात वाटणी झाली, आणि आज आम्ही दोघं भाऊ एका ताटात जेवतो. याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले. मानले असते तर तू म्हणाला असतास, नाटकं नको करू.

शर्यतीच्या आधी तू मिलमधून जुना चामडी पट्टा आणलास, तो रुंद, यंत्रं फिरवणारा. गिअरबॉक्सला त्याचे वेढे दिलेस आणि वर लोखंडी पत्रा ठोकलास. मी कुरकुरलो की वजन वाढतंय, गाडी जड होतेय. तू पाना खाली ठेवलास आणि माझ्याकडे बघितलंस. "पेटी तुज्या पायाजवळ हाय. फुटली तर तुकडं कुणाला लागतील? पट्टा काढायचा असंल तर दुसरा मिस्त्री बघ." इतक्या वर्षांत तू माझ्यावर आवाज चढवलास तो एवढा एकदा. मग पत्र्यावर विभूतीचे तीन पट्टे ओढलेस आणि बाहेर जाऊन उभा राहिलास.

शर्यत तुला पाठ आहे, तरी सांगतो, कारण तू ती फक्त कडेवरून बघितलीस. हिरवं निशाण पडलं, मी पाय दाबला, नाक वर गेलं, आणि मग तो दणका. धाड! कुणीतरी पाठीत लाथ घालावी तसा. इंजिनाचा सूर एका झटक्यात खाली आला आणि गाडी पुढे फेकली गेली. त्या दणक्यात मला जी खात्री वाटली ती मी आयुष्यात पुन्हा कधी अनुभवली नाही. आतलं सगळं काही एकमेकांना घट्ट धरून आहे, हे पाठीला कळत होतं. पहिली शर्यत जिंकलो, दुसरी जिंकलो. शेवटच्या शर्यतीत हैदराबादकडच्या एका पोराच्या हलक्या गाडीने आपल्याला मागे टाकलं. मी तोंड पाडून परत आलो, तर तू चकाकत्या डोळ्यांनी गाडीखाली शिरलेला. तेल बोटावर घेतलंस, हुंगलंस, ते लालचुटुक तेल मला दाखवलंस.

"हरलो रे," मी म्हणालो.

"इंजिन हरलं असंल. पेटी कुटं हरली?" तू म्हणालास. आणि त्या पोराच्या गाडीचा गिअरबॉक्स बघायला गेलास.

त्यानंतर शर्यती थांबल्या. पेट्रोल महाग झालं, माझे केस पांढरे झाले, गाडी लग्नकार्यापुरती उरली. मी तुला दर दिवाळीला सांगायचो, आता तरी तो पितळेचा तुकडा काढ. तुझं उत्तर तेच, बेड. मी म्हणायचो, शर्यत संपली. तू म्हणायचास, कुणी सांगितलं?

तर परवा. गावातून निघताना मी गिअरचा दांडा पहिल्यावरच अडकवून ठेवला. भवानी पेठेत माणसं हात जोडून उभी होती, आपण पायी चालणाऱ्याच्या वेगाने चाललो होतो, तोवर निभावलं. अक्कलकोटच्या रस्त्याला लागलो तरी मी दांडा सोडेना. इंजिन ओरडायला लागलं, तापमानाचा काटा वर चढला. मल्लू मागून म्हणाला, "दादा, असं गेलो तर गाडी हितंच बसंल. सोडा की."

"मल्ल्या, घट्ट धर," मी म्हणालो. डावा हात तुझ्या छातीवर आडवा धरला. पोरांना धरतो तसा. मग दांडा सोडला, पाय अगदी हलका ठेवला, आणि तू शिकवलं होतंस तसा इंजिनाचा सूर ऐकत राहिलो. सूर चढत गेला. आता, आता.

सूर खाली आला. दणका आला नाही.

मला वाटलं गिअर पडलाच नाही. वेगाच्या काट्याकडे बघितलं, तर गाडी दुसऱ्यात चाललेली. तुझ्या खांद्यावरचं उपरणंसुद्धा हललं नव्हतं. मल्लूने विचारलं, "पडला का?" मी म्हणालो, पडला. आणि मग मला जे रडू फुटलं ते तुझं शेत येईपर्यंत थांबलं नाही. माझा हात तुझ्या छातीवरच राहिला होता, गरज नव्हती तरी.

तू काढलास तो तुकडा. तेल बदलायला म्हणून गाडी ठेवून घेतलीस आणि मला न सांगता स्प्रिंग परत बसवलीस. का, ते मला माहीत नाही. माझी पाठ दुखते हे तुला दिसत होतं म्हणून? माझ्या बायकोने तुझ्याकडे रदबदली केली म्हणून? ती नाही म्हणते. तू त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवलास आणि भिंतीला टेकलास तो टेकलासच, असं वहिनींनी सांगितलं. त्यामुळे सांगायचं राहून गेलं असेल. किंवा मी पहिल्यांदा गाडी काढल्यावर माझं तोंड बघायचं असेल तुला, रस्त्याच्या कडेला उभं राहून. हे शेवटचंच खरं असणार. मी तुला ओळखतो.

शेतात तुमच्या जंगम स्वामींनी सांगितलं तसं केलं. बेलाची पानं टाकली, मूठभर माती टाकली. परत निघताना गाडी पुसायला फडकं हवं म्हणून मी समोरचा खण उघडला, तर आत सुती बोळ्यात गुंडाळलेला तो पितळेचा तुकडा. पुसून लखलखीत केलेला. मी तो हातात धरून बांधावर बसलो. म्हणजे तू हरला नव्हतास तर! भांडण माझ्या खणात ठेवून गेला होतास, वाटलं तर पुढे चालवायला.

मल्लू गावीच राहिला. मी एकटा परतलो. रस्ता मोकळा होता, डावीकडची सीट मोकळी होती, आणि मला काय वाटलं कोण जाणे, मी पाय तळापर्यंत दाबला, शर्यतीत दाबायचो तसा. गाडी उठली. दुसरा गिअर यायच्या वेळी सूर आधी उगाच वर सरकला, रेंगाळला, मग सावकाश खाली आला. गुळगुळीत. इतकी वर्षं मी जे मागत होतो तेच. आणि मी एकटाच, मोठ्याने, तुझ्या आवाजात ओरडलो, "अय्यो, जळंल हे! घासतंय!"

माझी बाजू मांडणारा मी तिथे नव्हतोच. तू माझ्या तोंडून बोलून घेतलंस.

सिद्रामा, वहिनींना विचारून ठेवलं आहे. उद्या सकाळी गाडी तुझ्याच दारात, गाडीखाली शिरायच्या तुझ्याच खड्ड्यावर घेतो. कितीदा बघितलंय तुला, ती डबी कुठे आहे हे मला डोळे मिटूनही सापडेल. पितळेचा तुकडा मी बसवणार, माझ्या हातांनी, आणि तो नीट बसेल, काळजी करू नकोस. पत्र्यावर विभूतीही लावीन. बायकोला सांगितलं आहे, तिला यापुढे रिक्षा करून देईन.

मग अक्कलकोटच्या रस्त्याला गाडी काढतो. तू जिथे उभा राहायचास तिथून जाताना पाय दाबीन. दणका बसेल आणि माझी मान पुढे जाईल. तो होकार समज.